बाडातली द्वितीया

चारुदत्तशास्त्र्यांच्या पिशवीतले पंचांग रियाधच्या विमानतळावर बाहेर काढले गेले, तेव्हा त्यांनी मनातल्या मनात त्याचा निरोप घेऊन टाकला होता. देव आणायचे नाहीत, पोथ्या आणायच्या नाहीत, असे मुलाने पत्रातून निक्षून कळवले होते. म्हणून देव्हाऱ्यातला बाळकृष्ण त्यांनी कऱ्हाडास धाकट्या भावाच्या, बाबाजीच्या, हवाली केला आणि नित्याची पूजा मानसपूजेवर आणली. पंचांग मात्र सोडवेना. बहात्तर वर्षांत तिथी पाहिल्यावाचून त्यांचा एकही दिवस उजाडला नव्हता. विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्याने चार पाने उलटली, आकड्यांच्या उभ्या-आडव्या रांगा न्याहाळल्या, शास्त्र्यांच्या जाड भिंगांच्या चष्म्याकडे पाहिले, आणि हा कोणी गणिताचा मास्तर असावा अशी खूणगाठ बांधून ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चला पुढे, असे करीत ते परत पिशवीत घातले. ही हकीकत शास्त्री पुढे सर्वांना सांगत आणि शेवटी म्हणत, “तोही काही चुकला नाही. गणितच आहे ते.”

ही सत्त्याहत्तर सालचा चैत्र संपतानाची गोष्ट. तेलाने त्या देशाचे रूपच पालटू लागले होते. काल जिथे वाळू होती तिथे आज डांबरी रस्ता दिसे, आणि परवा तिथेच दवाखाना उभा राही. शास्त्र्यांचा मुलगा उमाकांत रियाधच्या दक्षिणेस अल खर्ज येथे सरकारी रुग्णालयात डॉक्टर होता. आई गेल्यावर वडील एकटे पडले, म्हणून त्याने आणि सुनेने, सुनीतीने, आग्रह करकरून त्यांना चार महिन्यांसाठी बोलावून घेतले होते.

घर एका खजुराच्या बागेला लागून होते आणि बागेचा धनी अबू सालेह हाच घराचाही मालक होता. साठी उलटलेला, ताडमाड उंच, दाढीला मेंदी लावलेला हा गृहस्थ पहिल्याच दिवशी खजुरांची परात घेऊन भेटीस आला. शास्त्र्यांनी त्याचे स्वागत केले खरे, पण त्यांच्यातला वैद्य त्याच वेळी दुसरेच काही पाहत होता. चुलीपुढून नुकताच उठल्यासारखा लालबुंद चेहरा, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर तरारलेल्या शिरा, जांभळट नखे. याचे रक्त माजले आहे, असे त्यांच्या मनात आले. पण परका देश, परका माणूस. ते बोलले नाहीत.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी मैत्री जमली. सूर्य मावळला की अबू सालेह बागेत सतरंजी अंथरी, मनगटावरच्या घड्याळाचे काटे फिरवून बारावर आणी, कारण त्याचा दिवस सूर्यास्तालाच सुरू होत असे, आणि मग शास्त्र्यांना हाक मारी. शास्त्री पंचांग घेऊन जात. त्यातल्या वेळा हिंदुस्थानच्या, म्हणून प्रत्येकीतून अडीच तास वजा करून त्यांनी पेन्सिलीने बारीक आकडे घातले होते. वैशाखात चंद्राची पहिली कोर दिसली त्या संध्याकाळी अबू सालेहने तिच्याकडे पाहून एक बोट वर केले. शास्त्र्यांनी दोन बोटे वर केली. याची पहिली तारीख, त्यांची द्वितीया. अबू सालेहने मान हलवून पुन्हा एक बोट दाखवले, शास्त्र्यांनी पुन्हा दोन, आणि दोघेही म्हातारे पोट धरधरून हसले. तेव्हापासून रोजचा रामराम-सलाम झाला की बोटांचा हा खेळ ठरलेलाच.

त्याच महिन्याच्या सतराव्या दिवशी बागेत एक हज्जाम आला आणि त्याने अबू सालेहच्या पाठीवर तुंबड्या लावल्या. शास्त्री कुतूहलाने जवळ जाऊन बसले. रुग्णालयात दुभाष्याचे आणि मलमपट्टीचे काम करणारा शौकत तेव्हा तिथे होता. तो मूळचा दाभोळचा, बारा वर्षे या देशात मुरलेला. त्याच्या तोंडून शास्त्र्यांना कळले की इथे रक्त काढायचे ते सतराव्या, एकोणिसाव्या किंवा एकविसाव्या दिवशी. महिन्याच्या आरंभी रक्त तळाला निजलेले असते, चंद्र भरून उतरणीला लागला म्हणजे ते वर आलेले असते, असे अबू सालेहचे आजोबा सांगत. शास्त्र्यांचे डोळे आनंदाने भरून आले. त्यांनी आपल्या पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत बोट नेऊन आपल्या घराण्याचा नियम सांगितला. शुद्ध पक्षात चंद्राची अमृतकला माणसाच्या अंगात रोज एकेक पायरी चढत जाते. ज्या दिवशी ती ज्या अवयवात असेल तिथे शस्त्र लावायचे नाही, आणि अमावास्येला तर शस्त्राला हातच लावायचा नाही.

“अल्लाची कमाल!” अबू सालेह म्हणाला. “तुम्ही समुद्रापलीकडचे, पण शहाणे दिसता.”

कऱ्हाडात शास्त्र्यांच्या घराला शिरावेधाचे घर म्हणत. सात पिढ्या त्या घराने हिशेबाने शिरा उघडून माणसे बरी केली होती, आणि प्रत्येक शिरावेधाची नोंद एका जाड बाडात होती. रोग्याचे नाव, तक्रार, तिथी, अवयव, परिणाम. उमाकांत लहानपणी मांडी घालून ते बाड वाचीत असे. पुढे तो मिरजेला डॉक्टरी शिकला आणि बाडाविषयी बोलेनासा झाला.

ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीच्या दुपारी उमाकांत जेवायला घरी आला तो दार आपटूनच.

“वाढू ना?” सुनीतीने विचारले.

“वाढ. पण घास घशाखाली उतरेलसं वाटत नाही. अबू सालेह रुग्णालयातून उठून घरी गेला.”

“रुग्णालयात कशाला आले होते ते?”

“पहाटे नमाजाला उभे राहिले आणि उजव्या डोळ्यापुढे अंधार. हाताला मुंग्या, जीभ जड. दहा मिनिटांनी सगळं जागच्या जागी. शौकतनं धरून आणलं. मी रक्त तपासलं, तर रक्त कसलं, काकवी आहे! लाल पेशी इतक्या दाटल्यात की ते वाहायलाच तयार नाही. आजच्या आज अर्धा लिटर काढून टाकायला हवं. पहाटे झाला तो इशारा होता. पुढची गुठळी मेंदूत अडकली की माणूस गेला, नाहीतर लुळा तरी पडला.”

“मग काढलं का नाही?”

“अगं, रक्त काढायचं म्हटल्यावर म्हातारा आधी खूश झाला! म्हणाला, अखेर तुमच्या दवाखान्याला अक्कल आली. आणि लगेच पुढे, आज तिसरी तारीख, सतराव्या दिवशी येतो. चौदा दिवस! मी हात जोडले. शौकतनं पाय धरले. पायात चपला सरकवल्या आणि चालते झाले.”

“त्यांच्या मुलाला नाही का सांगता येत?”

“सालेह समुद्राकाठी तेलाच्या कामावर आहे. निरोप पोचून तो येईपर्यंत परवा उजाडेल. आणि मुलगा तरी काय करणार? शेवटी सही म्हाताऱ्याची.” मग त्याने पानावर बसलेल्या वडिलांकडे पाहिले, आणि पोटातला राग वाट फुटेल तिकडे गेला. “हे सगळे तुमच्याच पंथातले, तात्या. तुम्हीसुद्धा केरू लोहाराला अमावास्या टळेपर्यंत दोन दिवस ताटकळत ठेवलं होतंत. तो जगला, त्याचं नशीब बलवत्तर. आणि काकांनी तेच केलं तेव्हा काय झालं?”

“अहो!” सुनीती म्हणाली. “मामंजी जेवताहेत.”

शास्त्र्यांनी चित्राहुती पुसली, आपोशन घेतले, आणि ते पानावरून उठले. भात तसाच राहिला होता.

खोलीत जाऊन ते खिडकीपाशी बसले. मुलाचा त्यांना राग आला नव्हता. मुलगा बाडात होते तेच बोलला होता, आणि बाडात होते ते खोटे होते.

छत्तीस वर्षांमागची ती अमावास्या. त्यांच्या वडिलांना जाऊन वर्षही पुरते झाले नव्हते. भर दुपारी चौघांनी केरू लोहाराला दाराच्या फळीवर घालून आणले. नाकातून रक्त, डोळे बाहेर आलेले, श्वासाची घरघर. शास्त्र्यांनी तिथी पाहिली, केरूकडे पाहिले, माणसांना बाहेर घालवले, दाराला आतून कडी घातली आणि शीर उघडली. घटकाभरात केरूने डोळे उघडून पाणी मागितले. पहिला आनंद ओसरल्यावर ते बाड उघडून बसले, तेव्हा लेखणी थांबली. सात पिढ्यांत जे घडले नाही ते वडिलांच्या वर्षश्राद्धाआधीच मुलाने केले, असे लोक म्हणतील. उद्या वाटेल तो वाटेल त्या दिवशी दार ठोठावील. त्यांनी लिहिले, ‘अमावास्येस आला. दोन दिवस लंघनावर ठेविला. शुद्ध द्वितीयेस शिरावेध. आराम.’ केरूला ताकीद दिली, दोन दिवस माडीवर निजवून ठेवला, आणि त्याने मरेपर्यंत तोंड उघडले नाही.

चार वर्षांनी शास्त्री यात्रेला गेले असताना कुंभारवाड्यातली बायजाबाई अगदी तशाच अवस्थेत आली, तीही अमावास्येला. घरी एकटा बाबाजी. त्याने बाड काढले, केरूची नोंद पाहिली, लक्षणे ताडून पाहिली. दादाने दोन दिवस थांबवले आणि रोगी तगला, तर आपणही थांबावे. प्रतिपदेच्या पहाटे बायजाबाई गेली. शास्त्री परतले तेव्हा बाबाजी ओसरीवर बसला होता. “दादा,” तो एवढेच म्हणाला, “तुझ्या हाताला यश आहे. माझ्या हाताला नाही.” त्याने पुन्हा कधी शस्त्र उचलले नाही, पुढे मुलांना संथा देण्यात जन्म घालवला. त्या वेळी एक वाक्य बोलायचे होते. शास्त्री ते बोलले नाहीत. मग बोलायचे राहूनच गेले आणि बत्तीस वर्षे झाली.

ते उठले. उपरणे खांद्यावर घेतले, पंचांग हाती घेतले.

“उमाकांत, शौकतला बोलाव. बागेत जाऊ या.”

“तुम्ही? तुम्ही काय सांगणार त्यांना, तात्या? आजचा दिवस वर्ज्य आहे म्हणून?”

“बोलाव तर खरे.”

अबू सालेह बैठकीच्या खोलीत लोडाला टेकून पडला होता. कपाळावर ओले फडके होते आणि पुढ्यातला गाहवा, तिकडची वेलदोड्याची कॉफी, निवून गेला होता. शास्त्र्यांना पाहताच तो उठून बसला आणि सवयीने तीन बोटे वर केली. शास्त्र्यांनी चार केली. त्या दिवशी मात्र कोणी हसले नाही. उमाकांत उंबऱ्यापाशीच थांबला. शौकत दोघांच्या मध्ये गुडघे मोडून बसला आणि इकडचे तिकडे, तिकडचे इकडे करू लागला.

“मुलाने पाठवलं तुम्हाला,” अबू सालेह म्हणाला.

“नाही. मीच त्याला घेऊन आलो.”

“मग समजवा त्याला, हकीम. पोरगा गुणी आहे, हात हलका आहे. पण तारीख म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. तुम्हाला आहे.”

“आहे, म्हणूनच आलो.” शास्त्र्यांनी पंचांग मांडीवर घेतले. “चंद्र भरतो तसे रक्त वर येते. सतराव्या दिवशी ते आपण होऊन बाहेर यायला सिद्ध असते. असेच ना?”

“असंच. माझे आजोबा सांगत.”

“माझेही सांगत. आता मला सांगा, विहिरीला पाणी चढण्याची वाट कधी पाहतात? पाणी तळाला असते तेव्हा. तेच पाणी काठावरून सांडून घरात शिरू लागले, तर कोणी तारीख मोजत बसतो का? आकाशात आज चौथ असेल. तुमच्या अंगातला चंद्र केव्हाच भरला आहे. पहाटे तुमच्या डोळ्यापुढे अंधार आला तो त्याचाच.”

अबू सालेह हसला. “शौकत, या माणसाला म्हणावं, तू हकीम कशाला झालास? काझीपुढे उभा राहिला असतास तर चोरालाही सोडवून आणलं असतंस.” मग हसू मावळले. “बोलणं गोड आहे. पण बोलणं बोलणाऱ्याचं, आणि रक्त माझं. एक विचारतो. तुम्ही स्वतः कधी दिवस मोडून शीर उघडलीत?”

शौकतने प्रश्न मराठीत सांगितला आणि तो वाट पाहू लागला. वर पंखा फिरत होता. नाही, एवढे म्हणणे किती सोपे होते! सात पिढ्यांचे बाड त्या ‘नाही’ला साक्षी होते. उंबऱ्यापाशी उभा असलेला मुलगाही साक्षी होता.

“होय,” शास्त्री म्हणाले. “एकदा. अमावास्येला.”

उमाकांतने मान वर केली.

शास्त्र्यांनी सारे सांगितले. फळीवरून आणलेला केरू, आतून घातलेली कडी, त्याने मागितलेले पाणी. सांगताना ते कोणाकडेही पाहत नव्हते. मांडीवरच्या पंचांगाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवीत होते. मग त्यांनी बाडातली द्वितीया सांगितली. शौकत अडखळला.

“शास्त्रीबुवा, ह्ये पन सांगू? ह्ये तुमच्या घरातलं हाय.”

“सांग. एक शब्द गाळू नकोस.”

शौकतने सांगितले. मग बाबाजीचे सांगितले, बायजाबाईचे सांगितले. त्याचा आवाज बारीक होत गेला.  अबू सालेहच्या कपाळावरचे फडके सुकले होते. त्याने ते काढून बाजूला ठेवले.

“भाऊ जिवंत आहे?”

“आहे.”

“त्याला हे ठाऊक आहे?”

“नाही.”

“सख्ख्या भावाला नाही सांगितलंत, आणि मला सांगता? मी तुमचा कोण?”

शास्त्र्यांना उत्तर शोधावे लागले नाही. “बायजाबाई गेली. तिच्यासाठी आता काही करता येत नाही. तुम्ही अजून आहात.”

शौकतने हे अरबीत सांगितले आणि उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. उपरणे शास्त्र्यांचे होते.

अबू सालेहने उजवा हात पुढे केला, मुठीची उघडझाप करून पाहिली. बोटे पुरती मिटत नव्हती. ते आता सर्वांनाच दिसले. “तुमची ती कला,” तो सावकाश म्हणाला, “आज कुठे आहे?”

शास्त्र्यांनी पंचांग उघडले. उत्तर त्यांना पाठ होते, तरी पाहून सांगणे त्यांना योग्य वाटले. “गुडघ्यात. हात मोकळा आहे.”

“आणि आज ती हातातच असती तर?”

पंचांग मिटले गेले. “तरीही आजच.”

“हम्म.” अबू सालेहने पायाने चपला चाचपल्या. “माझे आजोबा आणखीही एक सांगत. रक्त उसळलं तर महिना पाहू नका. ते कोणी विचारलं तरच सांगत, कारण लोकांना सवलत तेवढी लक्षात राहते. डॉक्टरने विचारलंच नाही. त्याला नुसती घाई.” उमाकांतकडे पाहून त्याने डोळे मिचकावले, पण उठताना त्याचा तोल गेला आणि उमाकांतनेच त्याला सावरले. “माझ्या दोन अटी आहेत, हकीम. सुई तुझा मुलगा लावेल, पण मनगट तू धरायचंस. आणि आज भावाला लिहायचं. कबूल?”

“कबूल.”

“खलास. यल्ला, चला.”

बाहेर ज्येष्ठाचे ऊन माणसाला भाजून काढीत होते आणि गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. रुग्णालयाच्या खोलीत पाऊल टाकले मात्र, आणि शास्त्र्यांच्या अंगावर काटा आला. भिंतीतल्या एसीतून गार वाऱ्याचा झोत येत होता.

“शाल आणू का, तात्या?” उमाकांतने विचारले.

“नको रे.” शास्त्री त्या पेटीकडे आदराने पाहत राहिले. “भर ग्रीष्मात शीर उघडू नये, हे माझ्या मनात वाटभर टोचत होते. पण जुन्यांनी त्याचीही सोय सांगून ठेवली आहे. प्रसंग निकराचा असेल तर वैद्याने ऋतू स्वतः घडवावा. आम्ही वाळ्याचे पडदे भिजवायचो, अंगणात पाण्याच्या घागरी ओतायचो. तरी उन्हाळ्याचा फार तर वसंत व्हायचा. तुम्ही तर भिंतीत हेमंत आणून बसवला आहे.”

शौकतने हे अरबीत सांगितल्यावर अबू सालेह पलंगावर आडवा पडल्या पडल्या म्हणाला, “सरकारने काय काय विकत आणलं! आता थंडीही आणली.”

उमाकांतने दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीतली शीर बोटाने चाचपली आणि सुई लावली. रक्त आले, पण ते धावत आले नाही. गडद, जवळजवळ काळे, जड पावलांनी नळीतून उतरू लागले. दुसरे मनगट शास्त्र्यांच्या हाती होते. बत्तीस वर्षांत त्यांनीही शस्त्र फारसे चालवले नव्हते, पण बोटे विसरली नव्हती. नाडी दोरखंडासारखी ताठ लागत होती. अबू सालेहचे ओठ प्रार्थनेत हलत होते. शास्त्र्यांचेही हलत होते. कोणी कोणाला थांबवले नाही.

पिशवी अर्धी भरली तेव्हा शास्त्र्यांना बोटांखाली फरक जाणवला. “सैल पडली,” ते म्हणाले.

“काय सैल पडलं?” यंत्राकडे पाहणाऱ्या उमाकांतने विचारले.

“नाडी. बघ तू.”

उमाकांतने दंडावरून रक्ताचा दाब मोजला, मग वडिलांकडे पाहिले. “उतरलाय,” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने हलकेच विचारले, “आणखी किती काढू, तात्या?”

हा प्रश्न त्याने त्या घराण्यात जन्मून पहिल्यांदा विचारला होता. ‘तुमचे यंत्र सांगते तितके,’ असे शास्त्री म्हणणार होते, पण नाडीवर बोटे ठेवून त्यांनी दहा श्वास मोजले. “आणखी एक मूठभर. मग पुरे. उरलेले दोन दिवसांनी.”

“माझ्याही मनात तेवढंच होतं,” उमाकांत म्हणाला.

सुई निघाल्यावर अबू सालेहने बोटे मिटून पाहिली. ती मिटली. पुरती नव्हे, पण दुपारपेक्षा बरी. “हज्जामला सांगू नका कोणी,” तो शौकतला म्हणाला. “मदिनेला गेलाय, परत आला की रुसेल. म्हणेल, माझी वाटसुद्धा पाहिली नाही.”

“तुमी सतराव्याला त्याच्याकडं पन जावा, चाचा,” शौकत म्हणाला. “त्याची तुंबडी, आमची सुई. दोगांचं दुकान चालू द्या.”

रात्रभर त्याला रुग्णालयातच ठेवायचे ठरले. बाप-लेक गाडीतून घरी निघाले. बागेच्या भिंतीपाशी वळण घेताना उमाकांत म्हणाला, “मी तुम्हाला त्या नोंदीवरून वीस वर्षं मनात दोष देत होतो.”

“नोंद होतीच. तू वाचलेस ते खरे धरलेस. बाबाजीनेही धरले.”

 उमाकांतने गाडी थांबवली आणि वडिलांच्या बाजूचे दार उघडले.

सूर्य अजून खजुरांच्या शेंड्यांवर होता. सुनीतीने चहा केला, मेजावरची भाजी उचलून जागा करून दिली आणि टपालाचा निळा कागद पुढे ठेवला. उमाकांत खुर्ची ओढून बसला. “तुम्ही सांगा, मी लिहितो. तुमचा हात कापतो हल्ली.”

“नको. त्याला माझे अक्षर ओळखू येते. दुसऱ्या कोणाच्या अक्षरात त्याला हे पटायचे नाही.”

त्यांनी वर तिथी घातली आणि ‘चिरंजीव बाबाजीस अनेक आशीर्वाद’ एवढे लिहिले. पुढचे वाक्य यायला चहा निवावा लागला. बागेतल्या त्या घरात परक्या माणसापुढे तोंड उघडले होते, तेव्हा इतके जड गेले नव्हते. मग त्यांनी लिहिले: ‘केरू लोहाराची शीर मी अमावास्येलाच उघडली होती. द्वितीया खोटी आहे. तू थांबलास तो माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून थांबलास. बायजाबाईचे मरण तुझ्या हातून घडले नाही. तुझ्या हाताला कधीच उणे नव्हते. माळ्यावरून बाड काढ, त्या पानावरची द्वितीया खोडून अमावास्या लिही, आणि खाली तुझ्या हाताने लिही की दादाने हे छत्तीस वर्षे लपवले. मी श्रावणात येतो. तू मला जे म्हणशील ते ऐकून घेईन. बोलला नाहीस तरी ओसरीवर येऊन बसेन.’

खाली सही करून त्यांनी कागदाच्या कडा दुमडल्या. डिंकाची बाजू सुनीतीने ओली करून चिकटवली.

“द्या, तात्या,” उमाकांत म्हणाला. “उद्या सकाळी रुग्णालयात जाताना टाकतो.”

“उद्या नको,” शास्त्री म्हणाले. “आजच.”

उमाकांतने मेजावरच्या किल्ल्या उचलल्या. त्याच्या मागोमाग शास्त्रीही उठले, उपरणे सावरून दारापर्यंत गेले, आणि गाडी टपालघराच्या रस्त्याला लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.